फायरफॉक्स: पुन्हा लिहिण्याच्या निर्णयांवर उभा असलेला ब्राउझर

आमच्या व्यवसायात एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कुणातरी नव्या सहकाऱ्याच्या तोंडून नव्या उत्साहाने विचारला जातो: हा जुना प्रोग्रॅम दुरुस्त करत बसण्यापेक्षा सगळाच्या सगळा नव्याने का लिहू नये? मी गेली पंधरा वर्षे इतरांनी लिहिलेली जुनी सॉफ्टवेअरे सांभाळण्याचे काम करतो, आणि या प्रश्नाचे उत्तर देताना माझ्या संगणकावर रोज उघडा असलेल्या फायरफॉक्स या ब्राउझरचा आधार घेतो. त्याचा कोड सर्वांना खुला आहे, त्यातील बदलांची चर्चा सार्वजनिकरीत्या झालेली आहे, आणि पंचवीसहून अधिक वर्षांच्या वाटचालीत सगळे टाकून नवे लिहिणे, एकेक भाग बदलणे आणि केवळ दर्शनी भाग नवा करणे असे तिन्ही प्रकार त्यात घडलेले आहेत. म्हणून हे परीक्षण ब्राउझरचे तर आहेच, पण त्या निर्णयांचे जे परिणाम वापरताना आजही जाणवतात, त्यांचेही आहे.

नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी कम्युनिकेटर या आपल्या ब्राउझर-संचाचा कोड खुला केला आणि मोझिला प्रकल्पाला सुरुवात झाली. पहिले काही महिने काम जुन्या कोडवरच चालले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये असा निर्णय झाला की पानाची मांडणी करणारे जुने इंजिन बाजूला ठेवायचे आणि नव्याने लिहिले जात असलेल्या, पुढे गेको या नावाने ओळखल्या गेलेल्या इंजिनावर सगळा ब्राउझर उभा करायचा. इंजिनाबरोबरच खिडक्या, बटणे आणि मेनू यांच्यासाठीही नवी यंत्रणा लिहायला घेतली गेली. नेटस्केपची चौथी आवृत्ती जून १९९७ मध्ये आली होती, पाचवी कधी आलीच नाही, सहावी नोव्हेंबर २००० मध्ये आली आणि तीही कच्चीच होती, मोझिला १.० येण्यास ५ जून २००२ उजाडला. मधल्या काळात चौथ्या मालिकेत सुधारणा होत राहिल्या, परंतु मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर तोवर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीपर्यंत पोहोचला होता, शिवाय तो विंडोजबरोबरच मिळत असल्यामुळे सामान्य वापरकर्त्याला दुसरा ब्राउझर शोधण्याचे कारण उरले नव्हते. ज्या एओएल कंपनीने दरम्यान नेटस्केप विकत घेतली होती, तिने जुलै २००३ मध्ये तो विभाग मोडीत काढला, आणि त्याच महिन्यात मोझिला फाउंडेशनची स्थापना झाली.

ही कथा आमच्या क्षेत्रात बहुधा एकाच निष्कर्षासाठी सांगितली जाते: चालू सॉफ्टवेअर कधीही मुळापासून पुन्हा लिहू नये. मला हा निष्कर्ष अर्धाच पटतो. जुन्या इंजिनाची अडचण खरी होती आणि ती रचनेतच रुतलेली होती. ज्यांनी नेटस्केपची चौथी आवृत्ती वापरली आहे त्यांना आठवत असेल की खिडकीचा आकार बदलला, तर तो ब्राउझर पान पुन्हा पहिल्यापासून लोड करत असे, कारण एकदा मांडलेल्या पानातील काही भाग हलवून बाकीचे जागच्या जागी सावरून घेण्याची सोयच त्या इंजिनात नव्हती. पान उघडे असताना त्यातील मजकूर बदलणारी संकेतस्थळे पुढे सर्रास येणार होती, आणि त्या कामासाठी जुना पाया पुरणार नव्हता. इंजिन बदलण्यामागे असा सबळ हेतू होता. दर्शनी यंत्रणा, टपाल वाचण्याचा भाग आणि पानांचा संपादक हे सर्व त्याच वेळी नव्याने लिहिण्यामागे तितका सबळ हेतू मला दिसत नाही. जेथे दुखणे होते तेथे शस्त्रक्रिया आवश्यक होती, पण ती करताना उरलेले शरीरही उघडले गेले आणि रोगी साडेतीन वर्षे टेबलावरून उठला नाही. तरीही, ज्या गेकोने नेटस्केपला बुडवले असे म्हटले जाते, तेच इंजिन आजही फायरफॉक्सच्या पोटात आहे. निर्णयाची किंमत एका कंपनीने मोजली आणि फळ दुसऱ्या संस्थेला मिळाले. आपल्या ग्राहकाला पुन्हा लिहिण्याचा सल्ला देताना ही गोष्ट मी विसरू शकत नाही, कारण जो ग्राहक पैसे देणार आहे, त्याला फळ दुसऱ्या कुणाला मिळालेले चालणार नाही.

फायरफॉक्सचा जन्म मात्र पुन्हा लिहिण्यातून झाला नाही. तो काढून टाकण्यातून झाला. ब्राउझर, टपाल, संपादक असा सगळा संसार एकत्र वागवणारा मोझिलाचा संच जड झाला होता. काही मोजक्या प्रोग्रॅमरांनी इंजिन जसेच्या तसे ठेवून भोवतालचे अनावश्यक भाग वजा केले आणि सप्टेंबर २००२ मध्ये फिनिक्स या नावाने पहिली चाचणी आवृत्ती दिली. नावाच्या अडचणींमुळे फिनिक्सचे फायरबर्ड आणि फायरबर्डचे फायरफॉक्स झाले, आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. जुने सॉफ्टवेअर पुन्हा लिहावे का असा प्रश्न घेऊन कुणी आले, तर मी प्रथम त्यातले काय वापरात नाही याची यादी मागतो, ती याच उदाहरणामुळे.

वजाबाकीतही धोका असतो, आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. एका बाजार समितीतील अडत्यांसाठी १९९९ च्या सुमारास व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम आमच्या संघाकडे आला. आवक, वजन, हमाली, तोलाई, अडत आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम असा त्याचा सरळ विषय होता, आणि आम्ही उत्साहाने तो पूर्ण नव्याने लिहिला. जुन्या कोडमध्ये अडत आकारण्याच्या दोन वाटा होत्या आणि त्यांपैकी एक वाट गेल्या काही वर्षांत एकदाही वापरली गेलेली नव्हती, म्हणून ती निरुपयोगी समजून आम्ही वगळली. ती वाट जुन्या नियमाची होती. २०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा मूळ प्रोग्रॅमरने जुना हिशेब तसाच ठेवून त्याच्या शेजारी नवा लिहिला होता आणि तारखेनुसार त्यांतला एक निवडला जात होता. एका शेतकऱ्याच्या जुन्या व्यवहाराचा वाद निघाला, त्यासाठी जुनी पट्टी नव्या प्रोग्रॅममधून पुन्हा छापली गेली, आणि तिच्यावरची रक्कम मूळ कागदाशी जुळेना. चूक संपूर्णपणे आमची होती. त्या सहा-सात ओळींवर टीप नव्हती, पण त्यांत एक शासकीय निर्णय साठवलेला होता, आणि तो आम्ही वाचला नव्हता.

या अनुभवानंतर मी फायरफॉक्सचा २०१७ मधला बदल पुन्हा बारकाईने अभ्यासला, आणि या उत्पादनाविषयीचा माझा आदर तिथेच पक्का झाला. २००८ मध्ये गुगलचा क्रोम आला तेव्हापासून फायरफॉक्स हळू वाटू लागला होता, आणि सगळा ब्राउझर नव्याने लिहावा असा मोह कुणालाही झाला असता. मोझिलाकडे त्याची सामग्रीही होती: रस्ट ही भाषा, जिची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली, आणि त्या भाषेत लिहिले जात असलेले सर्व्हो नावाचे संपूर्ण नवे प्रायोगिक इंजिन. सर्व्हो पूर्ण करून गेकोच्या जागी बसवण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. आधी ऑगस्ट २०१६ मध्ये, ४८ व्या आवृत्तीत, माध्यम-फायलींची माहिती वाचणारा एक छोटासा भाग रस्टमध्ये लिहून जुन्या कोडमध्ये बसवला गेला. वापरकर्त्याला त्याचा पत्ताही लागला नाही, पण दोन भाषांत लिहिलेला कोड एकाच ब्राउझरमध्ये बांधता येतो आणि लाखो यंत्रांवर चालतो याची खात्री त्यातून झाली. त्यानंतर मोठा भाग निवडला गेला: पानातील प्रत्येक घटकाला सीएसएसचे, म्हणजे पानाचे रंग, आकार आणि मांडणी सांगणाऱ्या भाषेचे, कोणते नियम लागू पडतात हे ठरवणारी यंत्रणा.

हीच यंत्रणा का निवडली गेली, ते समजून घेण्यासारखे आहे. तिची हद्द स्पष्ट होती. एका बाजूने पानाची रचना आणि नियम आत जातात, दुसऱ्या बाजूने प्रत्येक घटकाची शैली बाहेर येते. हे काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर एकाच वेळी वाटून देता येण्याजोगे होते, पण जुन्या सी प्लस प्लस भाषेत तसे करण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते, कारण अनेक धागे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या शाखा, एकाच मेमरीवर एकाच वेळी लिहू लागले की होणाऱ्या चुका शोधणे जवळपास अशक्य होते. रस्टचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारे साधन, अशा बहुतेक चुका प्रोग्रॅम तयार होण्यापूर्वीच अडवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निकाल तपासण्यासाठी हजारो चाचण्या आधीपासून हाताशी होत्या. स्टायलो या नावाने ओळखली जाणारी नवी यंत्रणा काही काळ जुन्या यंत्रणेच्या शेजारी एकाच ब्राउझरमध्ये राहत होती, एका सेटिंगने ती चालू किंवा बंद करता येत होती, आणि तीच पाने दोन्हींवर चालवून निकाल ताडून पाहिले जात होते. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या ५७ व्या आवृत्तीत, जिला क्वांटम असे नाव दिले गेले, ती सर्वांसाठी सुरू झाली, आणि जुनी यंत्रणा त्यानंतर काढून टाकण्यात आली.

या बदलाचा हिशेबही मोझिलाने नंतर प्रसिद्ध केला आहे. जुन्या शैली-यंत्रणेत तिच्या आयुष्यात सुरक्षेचे ६९ दोष सापडले होते, आणि तोच भाग आरंभापासून रस्टमध्ये असता तर त्यांपैकी ५१ दोष होऊच शकले नसते. मला यातील उरलेले १८ दोष अधिक बोलके वाटतात. भाषा कोणतीही घेतली, तरी विचारातली चूक नव्या कोडमध्येही तशीच उतरते. आमच्या अडतीच्या हिशेबातली चूक जगातील कोणत्याही कंपायलरने पकडली नसती.

याच ५७ व्या आवृत्तीचा दुसरा भाग कडू आहे. जुनी अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) ब्राउझरच्या आतड्यापर्यंत हात घालू शकत असत. त्यांना सांभाळायचे तर आतला कोणताही भाग हलवता येत नव्हता, म्हणून ती सर्व एकाच दिवशी बंद झाली आणि केवळ नव्या, मर्यादित पद्धतीने लिहिलेली चालू राहिली. भारतीय भाषांच्या संकेतस्थळांवरील स्वतंत्र फॉन्टमधला मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेतात करून दाखवणारे पद्मा हे अ‍ॅड-ऑन आमच्या पिढीतल्या अनेकांच्या ओळखीचे आहे, आणि तेही त्याच जुन्या पद्धतीतले होते. सुदैवाने तोवर बहुतेक मराठी संकेतस्थळे युनिकोडवर आलेली होती. पण ज्यांचे रोजचे काम एखाद्या जुन्या अ‍ॅड-ऑनवर अवलंबून होते, त्यांच्या दृष्टीने नवा वेगवान ब्राउझर हा हिरावून घेतलेल्या सोयीचा मोबदला नव्हता. मला तो निर्णय अटळ वाटतो, कारण बाहेरच्यांनी आतल्या तपशिलांवर बांधलेले काम हेच जुन्या सॉफ्टवेअरच्या पायातले सर्वांत जड साखळदंड असतात. परंतु अटळ निर्णयानेही माणसांचे नुकसान होते, आणि ते निर्णयाच्या खर्चात धरलेच पाहिजे.

अँड्रॉइडवरील फायरफॉक्सचे उदाहरण याहून अधिक सावध करणारे आहे. तिथला दर्शनी भाग एकदा २०१२ मध्ये अँड्रॉइडच्या स्वतःच्या घटकांवर पुन्हा लिहिला गेला होता. त्यानंतर इंजिन कायम ठेवून भोवतालचे अ‍ॅप पुन्हा संपूर्ण नव्याने लिहिले गेले, २०१९ च्या मध्यास ते चाचणीसाठी वेगळ्या नावाने दिले गेले, आणि २०२० च्या उन्हाळ्यानंतर ते जुन्या अ‍ॅपच्या जागी नेहमीच्या अद्ययावतीकरणातून लोकांच्या फोनवर पोहोचले. नवे अ‍ॅप वेगवान आणि नीटनेटके होते. मात्र अ‍ॅड-ऑनच्या बाबतीत केवळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सुरुवातीला चालत होती, सवयीच्या अनेक सोयी जागेवर नव्हत्या, आणि लोकांची नाराजी उघडपणे व्यक्त झाली. सर्व विकासकांना अ‍ॅड-ऑन देण्याची मोकळीक तिथे डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. तीन वर्षांहून अधिक काळ नवे अ‍ॅप एका ठळक बाबतीत जुन्याहून उणे होते, आणि फोनवर अ‍ॅड-ऑन चालवता येणे हे तर फायरफॉक्स निवडण्याचे एक प्रमुख कारण होते. पुन्हा लिहिण्याचा आराखडा माझ्यापुढे येतो तेव्हा, ज्या सोयीसाठी ग्राहक आपल्याकडे थांबला आहे ती पहिल्या दिवशी असेल की तिसऱ्या वर्षी, हे मी आता लेखी मागतो.

दुसरी एक वाटही या क्षेत्रात दिसते, ती म्हणजे स्वतःचे इंजिन सोडून दुसऱ्याचे घेणे. ऑपेराने २०१३ मध्ये आपले प्रेस्टो इंजिन सोडले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये तोच निर्णय जाहीर केला आणि जानेवारी २०२० मध्ये क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियम या खुल्या कोडवर आधारलेला एज हा ब्राउझर बाजारात आणला. कंपनीच्या खर्चाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे व्यापक वापरातली केवळ तीन इंजिने उरली आणि गेको हे त्यांतले सर्वांत कमी वापराचे आहे. सर्व्होवर काम करणारा संघही ऑगस्ट २०२० च्या मोठ्या कपातीत मोझिलाबाहेर गेला. तो प्रकल्प त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनकडे सोपवला गेला. पूर्ण नवे इंजिन लिहिण्यावर सर्व भिस्त ठेवली असती, तर त्या दिवशी हातात काय उरले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो. भाग-भाग करून आणलेले काम मात्र फायरफॉक्समध्ये आधीच पोहोचलेले होते.

आज हा ब्राउझर वापरताना मला तो समाधानकारक वाटतो, आणि माझ्या कामासाठी दोन गोष्टींमुळे तो अपरिहार्य झाला आहे. पहिली म्हणजे कंटेनर टॅब: एकाच खिडकीत एका टॅबमध्ये अडत्या म्हणून, दुसऱ्यात खरेदीदार म्हणून आणि तिसऱ्यात समितीचा कर्मचारी म्हणून त्याच प्रणालीत प्रवेश करून तिन्ही भूमिका शेजारी-शेजारी तपासता येतात. दुसरी म्हणजे कार्यालयांसाठीची दीर्घ मुदतीची आवृत्ती, जिच्यात साधारण वर्षभर प्रामुख्याने सुरक्षेचे बदल येतात आणि पडद्यावरची मांडणी स्थिर राहते. विंडोज ७ वर अडकलेल्या यंत्रांसाठी ११५ क्रमांकाची अशी मालिका मूळ मुदतीनंतरही पुढे चालू ठेवली गेली, आणि तालुक्याच्या ठिकाणी जुने संगणक वापरणाऱ्या संस्थांसाठी ही मोठी सोय ठरली. मराठीतून मेनू हवे असतील तर तेही मिळतात. उणिवाही आहेत: काही संकेतस्थळे केवळ क्रोमवर तपासलेली असतात आणि इथे अडखळतात, तर आयफोनवरील फायरफॉक्स आतून अ‍ॅपलचेच वेबकिट हे इंजिन वापरत असल्यामुळे गेकोच्या कोणत्याही सुधारणेचा लाभ तिथे मिळत नाही. जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मी हा ब्राउझर मुख्य म्हणून वापरण्याची शिफारस करतो.

आमचा हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम सध्या याच मार्गाने बदलत आहे. पूर्ण नव्याने लिहिलेली आवृत्ती आम्ही मागे घेतली आणि व्हिज्युअल बेसिकमधला मूळ प्रोग्रॅम पुन्हा चालू केला; त्याचे पडदे आजही जुनेच आहेत. त्यातून केवळ पट्टीच्या आकडेमोडीचा भाग वेगळा काढून नव्याने लिहिला, अडतीच्या दोन्ही वाटा त्यात कारणासह नोंदवल्या, आणि रोज संध्याकाळी बाजार उठल्यावर दिवसभराच्या सर्व पट्ट्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कोडमधून काढून त्यांतील फरकाची यादी छापण्याची व्यवस्था केली. पहिल्या आठवड्यात ती यादी दोन पाने भरत असे. त्यांतल्या बहुतेक नोंदी पैशांच्या पूर्णांकनाच्या होत्या, आणि तीन नोंदींत जुनाच कोड चुकीचा निघाला. कांद्याचा एक संपूर्ण हंगाम यादी कोरी येत राहिली, तेव्हाच जुना भाग बंद करण्यास अडत्यांनी संमती दिली. आता पुढचा भाग कोणता घ्यावा याची चर्चा चालू आहे. तरुण सहकाऱ्यांना पडदे बदलायचे आहेत. छपाईचा भाग आधी घ्यावा असा माझा आग्रह आहे, कारण त्याची हद्द स्पष्ट आहे आणि निकाल कागदावर ताडून पाहता येतो.